सतरा मायक्रॉन कुठून आले? पेशीतल्या तंतूंचा ताठपणा मोजताना

पेशीजीवशास्त्राच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या तीन प्रकारच्या प्रथिन-तंतूंचा एक छोटा तक्ता असतो. ॲक्टिन तंतू: जाडी ७ नॅनोमीटर, पर्सिस्टन्स लांबी (म्हणजे ताठपणाचं माप) १७ मायक्रॉन. मायक्रोट्युब्युल: जाडी २५ नॅनोमीटर, पर्सिस्टन्स लांबी सुमारे ५ मिलिमीटर. मध्यम तंतू, म्हणजे व्हिमेंटिन, केराटिन, डेस्मिन वगैरे: जाडी १० नॅनोमीटर, पर्सिस्टन्स लांबी एक मायक्रॉनच्या आसपास. विद्यार्थी तो पाठ करतात, संगणकावर प्रतिकृती करणारे तो थेट प्रोग्रॅममध्ये भरतात, आणि हे आकडे कोणत्या परिस्थितीत मोजले गेले याचा सगळ्यांना सोयीस्कर विसर पडतो. १७ मायक्रॉन हा फॅलॉइडिन लावलेल्या ॲक्टिनचा आकडा आहे. फॅलॉइडिन हे विषारी भूछत्रातलं द्रव्य. ते जिवंत पेशीत नसतं. ते न लावता मोजलं तर आकडा ९-१० मायक्रॉनवर येतो. तंतूवर कोफिलिन हे पेशीतलं प्रथिन बसलं की साधारण २ वर.

म्हणून हा लेख आकड्यांपेक्षा आकडे निघतात कसे आणि मोजणारा फसतो कुठे, यावर.

पर्सिस्टन्स लांबीचा अर्थ सरळ आहे. पाण्याचे रेणू तंतूला सतत धक्के देतात, त्यामुळे तो वळवळतो. तंतूवरून चालत गेलं तर किती अंतरानंतर सुरुवातीच्या दिशेची आठवण पुसली जाते, ते अंतर म्हणजे पर्सिस्टन्स लांबी. तिला औष्णिक ऊर्जेने गुणलं की तंतूचा वाकताठपणा मिळतो. खोलीच्या तापमानाला ही ऊर्जा ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर, म्हणजेच ०.००४१ पिकोन्यूटन-मायक्रॉन. ॲक्टिनसाठी १७ गुणिले ०.००४१, म्हणजे ०.०७ पिकोन्यूटन-वर्ग मायक्रॉन. मायक्रोट्युब्युलसाठी ५२०० गुणिले ०.००४१, म्हणजे साधारण २१. हे दोन आकडे, ०.०७ आणि २१, लक्षात ठेवले तर पुढची बरीचशी गणितं पाकिटाच्या पाठीवर होतात.

तीनशेपट फरक. पण दोन्ही प्रथिनांचा पदार्थ म्हणून ताठपणा फारसा वेगळा नाही. दोघांचाही यंग गुणांक गिगापास्कलच्या घरात, म्हणजे कडक प्लॅस्टिकएवढा. फरक भूमितीने पडतो. वाकताठपणा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. मायक्रोट्युब्युलचा व्यास ॲक्टिनच्या साडेतीनपट, आणि साडेतीनचा चौथा घात दीडशे. शिवाय तो पोकळ आहे; माल मध्याच्या रेषेपासून दूर ठेवला की तेवढ्याच प्रथिनात जास्त ताठपणा मिळतो. उरलेला दुप्पट फरक ॲक्टिनची जाडी नेमकी किती धरायची यात जिरून जातो, कारण रेणूंच्या दोन सरींच्या पिळाला घन दांडा मानणं हीच मुळात सोय आहे.

आता मोजणी. सर्वांत सोपी वाटणारी आणि सर्वांत जास्त फसवणारी पद्धत म्हणजे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना पाहायचे आणि त्यांच्या आकारांवरून ताठपणा काढायचा. १९९३ मध्ये गिट्स आणि सहकाऱ्यांनी हेच केलं आणि तक्त्यातले आकडे बहुतेक तिथूनच आलेत.

ॲक्टिन सहसा सशाच्या स्नायूपासून काढतात. सुटं ॲक्टिन जी-बफरमध्ये बर्फावर ठेवायचं: ट्रिस २ मिलिमोलर, पीएच ८, एटीपी ०.२ मिलिमोलर, कॅल्शियम क्लोराइड ०.१ ते ०.२ मिलिमोलर, डीटीटी अर्धा ते एक मिलिमोलर. एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे २४ मायक्रोमोलर. वापरण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये एक लाख जी (गुरुत्वाच्या लाखपट) वेगाला तासभर फिरवून वरचंच द्रव घ्यायचं. जुन्या साठ्यात गुठळ्या असतात आणि त्या बीजासारख्या वागतात, मग असंख्य आखूड तंतू तयार होतात. तंतू बनवताना पोटॅशियम क्लोराइड ५० मिलिमोलर आणि मॅग्नेशियम क्लोराइड १ ते २ मिलिमोलर लागतं, पण त्याआधी दोन मिनिटं ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) ०.२ मिलिमोलर आणि थोडं मॅग्नेशियम देऊन ॲक्टिनला चिकटलेलं कॅल्शियम बदलून घ्यावं. हे टाळलं तर तंतू बनायला उशीर होतो आणि प्रत्येक वेळी वेगळा होतो.

एक मायक्रोमोलर ॲक्टिन, तेवढंच रोडामिन-फॅलॉइडिन (चमकणारा रंग जोडलेलं फॅलॉइडिन), रात्रभर ४ अंशाला. रोडामिन-फॅलॉइडिन मिथेनॉलमध्ये येतं. मिथेनॉल आधी उडवून टाकलेलं बरं. दुसऱ्या दिवशी दोनशे ते पाचशेपट पातळ करायचं. साधं ॲक्टिन इतकं पातळ केलं तर विरघळून जातं, कारण त्याला टिकायला निदान ०.१ मायक्रोमोलर सुटं ॲक्टिन भोवती लागतं. फॅलॉइडिनमुळे ही अडचण जाते, आणि त्याच फॅलॉइडिनमुळे तंतू जवळपास दुप्पट ताठ होतो. मोजणं शक्य करणारी वस्तूच मोजमाप बदलते, ही या विषयाची कायमची डोकेदुखी आहे.

पिपेटची टिप कात्रीने कापून रुंद करा. अरुंद टिपमधून जोरात सोडलेले तंतू तुटून दोन-तीन मायक्रॉनचे तुकडे उरतात आणि मग दिवसभर “लांब तंतूच मिळत नाहीत” म्हणून शोध चालतो.

चेंबरची खोली महत्त्वाची. दुहेरी चिकटपट्टीने बनवलेलं नेहमीचं चेंबर शंभर मायक्रॉन खोल असतं. त्यात तंतू फोकसमधून आतबाहेर जातो आणि वाकण्याचा काही भाग दिसतच नाही. २२ बाय २२ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपखाली एक मायक्रोलिटर द्रव पसरलं तर थर दोन मायक्रॉनचा होतो, दीड टाकलं तर तीनचा. मग तंतू जवळपास सपाट पातळीतच हलतो. कडा व्हॅसलीन, लॅनोलिन आणि पॅराफिन समभाग वितळवून बंद करायच्या. काचेला आधी कॅसीन किंवा पीईजी या पॉलिमरचा लेप हवा, नाहीतर तंतू चिकटतात. पूर्ण चिकटलेला तंतू ओळखू येतो. धोकादायक असतो तो एकाच बिंदूला चिकटलेला: दोन्ही टोकं छान हलत असतात, पण तो तंतू जागचा हलत नाही. अख्खा तंतू सरकताना दिसला नाही तर तो मोजणीतून काढून टाका.

भिंती जवळ असल्याने घर्षण वाढतं, म्हणून आकडा बिघडेल अशी शंका येते. नाही बिघडत. घर्षण फक्त हालचाल सावकाश करतं. किती वेळा कोणता आकार दिसेल हे ताठपणा आणि तापमानच ठरवतं. मिथिलसेल्युलोज घालून तंतू तळाशी दाबून ठेवण्याची युक्ती मात्र जपून वापरा. अर्ध्या टक्क्याच्या आसपास तंतू एकमेकांना बिलगून जुडग्या बनू लागतात, आणि जुडगी एकट्या तंतूसारखीच दिसते, फक्त थोडी जास्त उजळ. उजेडाचा आलेख काढून सगळ्यात फिक्या गटातलेच तंतू घ्यावेत.

रंग उडू नये म्हणून ग्लुकोज ऑक्सिडेज, कॅटलेज आणि ग्लुकोज घालतात. यात ग्लुकोनिक आम्ल तयार होतं. बफर कमजोर असेल तर काही वेळाने पीएच खाली येतो आणि दुपारचे तंतू सकाळच्यापेक्षा वेगळे वागतात. मिश्रण प्रयोगाच्या आधी ताजं बनवा.

आता कॅमेरा. खरी मेख इथे आहे. वळवळणाऱ्या तंतूचा आकार वेगवेगळ्या लाटांची बेरीज म्हणून मांडतात: पहिली लाट म्हणजे सगळा तंतू धनुष्यासारखा एकदा वाकलेला, दुसरी म्हणजे इंग्रजी एससारखी, आणि तशाच पुढच्या. प्रत्येक लाटेला विरून नवा आकार घ्यायला ठरावीक वेळ लागतो आणि तो तंतूच्या लांबीच्या चौथ्या घाताने बदलतो. पाण्यातल्या १० मायक्रॉन ॲक्टिनसाठी पहिल्या लाटेला सुमारे अर्धा सेकंद, दुसरीला ६० मिलिसेकंद, तिसरीला १५-१६ मिलिसेकंद. कॅमेऱ्याचा एक्स्पोजर १०० मिलिसेकंद ठेवला तर दुसरी लाट एका चित्रातच इकडून तिकडे जाऊन येते. चित्रात तिची सरासरी उमटते, ती सपाट दिसते, आणि तंतू आहे त्यापेक्षा ताठ भासतो.

उलट बाजूला मोजणीतली चूक असते. तंतूची मध्यरेषा काढताना प्रत्येक बिंदू थोडा इकडेतिकडे पडतो. हा गोंधळ वरच्या लाटांमध्ये खऱ्या वाकण्यासारखाच दिसतो आणि तंतू मऊ भासवतो. लाटेचा क्रमांक वाढतो तशी खरी चढउतार क्रमांकाच्या वर्गाने घटते, पण गोंधळ घटत नाही, उलट वाढतो. त्यामुळे प्रत्येक लाटेपासून वेगळी पर्सिस्टन्स लांबी काढून आलेख मांडला तर अनेकदा तो आधी चढतो आणि मग कोसळतो. चढ म्हणजे एक्स्पोजरची करामत, उतार म्हणजे मोजणीचा गोंधळ. सपाट भाग असेल तेवढाच खरा. तो नसेल तर सगळ्या लाटांची सरासरी काढून एक आकडा छापणं म्हणजे दोन चुका एकमेकींना रद्द करतील या आशेवर बसणं.

एक्स्पोजर १० मिलिसेकंद ठेवला की उजेड वाढवावा लागतो, उजेड वाढला की रंग उडतो आणि तंतू तुटतात. लेसरची झडप कॅमेऱ्याशी जुळवून फक्त त्या १० मिलिसेकंदांपुरता प्रकाश पाडला तर बरंच निभावतं.

चित्रं किती घ्यायची? सेकंदाला तीस या वेगाने दहा सेकंद चित्रण केलं की तीनशे चित्रं होतात आणि आकडेवारी भक्कम असल्यासारखं वाटतं. पण पहिली लाट अर्ध्या सेकंदाने बदलते, म्हणजे खरोखर वेगळी चित्रं फक्त वीस. चढउतारावरून काढलेल्या आकड्यातली अनिश्चितता म्हणजे दोन भागिले चित्रसंख्या याचं वर्गमूळ. वीस चित्रांना ती ३२ टक्के, दोनशेंना १०. दहा टक्के अचूकता हवी असेल तर एकेका तंतूचं निदान शंभर सेकंद चित्रण लागतं, आणि त्यातही दर अर्ध्या सेकंदाला एक चित्र पुरतं. सलग चित्रणाने माहिती वाढत नाही, रंग तेवढा उडतो.

दुसरी पद्धत दिशांच्या सहसंबंधाची. तंतूवरच्या दोन बिंदूंमधल्या कोनाची कोसाइन सरासरी अंतरानुसार घातांकी घटते. त्रिमितीत घटण्याचं अंतर पर्सिस्टन्स लांबीएवढं, सपाट पातळीत तिच्या दुप्पट. हा दोनचा गुणक विसरण्याचा प्रकार अजूनही छापील आकड्यांत सापडतो. काचेवर बसवलेल्या तंतूंसाठी तर आधीच ठरवावं लागतं की तंतू पृष्ठभागावर पसरून स्थिरावले की पडले तसे चिकटले; दोन्हींची सूत्रं वेगळी.

ॲक्टिनसाठी ही पद्धत चालते. मायक्रोट्युब्युलसाठी ती दगा देते, कारण मायक्रोट्युब्युल जन्मतःच थोडे वाकडे असतात. सहसंबंध काढताना हा कायमचा वाक आणि उष्णतेने आलेला वाक यांत फरक करता येत नाही. लाटांच्या पद्धतीत प्रत्येक लाटेची सरासरी वजा करून फक्त चढउतार घेता येते. म्हणून मायक्रोट्युब्युलसाठी लाटाच.

मायक्रोट्युब्युल इतके ताठ की त्यांची वळवळ पकडणंच कठीण. दोन्ही टोकांना टेकलेल्या दांड्याचा मध्यबिंदू किती हलेल याचं सूत्र साधं आहे: लांबीचा घन भागिले पर्सिस्टन्स लांबीच्या ४८ पट, आणि त्याचं वर्गमूळ. १० मायक्रॉनच्या मायक्रोट्युब्युलसाठी उत्तर ६३ नॅनोमीटर. शंभरपट भिंग आणि साडेसहा मायक्रॉनचे पिक्सेल असलेल्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल ६५ नॅनोमीटरचा, म्हणजे अख्खी हालचाल एका पिक्सेलएवढी. तंतू ३० मायक्रॉनचा घेतला तर हालचाल ३३० नॅनोमीटर होते आणि मोजता येते. १० मायक्रॉनच्या ॲक्टिनसाठी मात्र हाच आकडा एक मायक्रॉनहून जास्त.

मायक्रोट्युब्युल ज्याचे बनतात ते प्रथिन, ट्युब्युलिन, मेंदूपासून काढतात, कारण तिथे ते सर्वाधिक. युरोप-अमेरिकेत डुकराचा किंवा गायीचा मेंदू, आपल्याकडे बहुधा बकऱ्याचा. पवईच्या आयआयटीत दुलाल पांडा यांच्या गटाचं बरंचसं काम बकऱ्याच्या मेंदूतल्या ट्युब्युलिनवर झालं आहे. कत्तलखान्यातून मेंदू लगेच बर्फात घालून आणावा लागतो. उशीर झाला की उत्पन्न घटतं. शुद्धीकरण म्हणजे ३७ अंशाला तंतू बनवा, फिरवा, बर्फावर विरघळवा, पुन्हा फिरवा, असं चक्र. बफर बीआरबी८०: पाइप्स (पीएच स्थिर ठेवणारं द्रव्य) ८० मिलिमोलर, मॅग्नेशियम १, ईजीटीए १, पीएच ६.८ ते ६.९. पाइप्सची पूड पाण्यात आम्लपणामुळे विरघळत नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालत गेलं की अचानक द्रव स्वच्छ होतं. नवीन माणूस तासभर ढवळत बसतो ते याच पायरीला.

शुद्धीकरणात टाऊसारखी चिकटणारी प्रथिनं राहून गेली तर तंतू ताठ होतात. ती काढायला एक मोलरच्या आसपासचं पाइप्स वापरून एक चक्र करतात. हे न केलेल्या ट्युब्युलिनवरचे जुने आकडे शुद्ध ट्युब्युलिनच्या आकड्यांशेजारी मांडू नयेत.

तंतू टिकवायला टॅक्सॉल हे औषध लागतं, किंवा तंतू बनायला लागणाऱ्या जीटीपीऐवजी त्याचंच सहज न तुटणारं रूप, जीएमपीसीपीपी. टॅक्सॉल एकदम ओतू नका, ०.१, मग १, मग १० मायक्रोमोलर असं चढवत न्या. जास्त झालं किंवा थंड पडलं की त्याचे सुईसारखे स्फटिक होतात, त्यांना रंगीत ट्युब्युलिन चिकटतं, आणि ते हुबेहूब मायक्रोट्युब्युलसारखे दिसतात. न हलणारा, तीर-सरळ, जरा जास्तच सुंदर तंतू दिसला की आधी स्फटिकाचा संशय घ्यावा.

टॅक्सॉलने तंतू ताठ होतो की मऊ? दोन्ही उत्तरं छापलेली आहेत आणि दोन्ही गट काळजीपूर्वक काम करणारे. जीएमपीसीपीपीने ताठ होतो यावर मात्र बऱ्यापैकी एकमत. एक कारण उघड आहे: पेशीत मायक्रोट्युब्युलच्या भिंतीत बहुधा रेणूंच्या १३ लांब सरी असतात, परीक्षानळीत बनवलेल्यांना पद्धतीनुसार १२, १३, १४. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा साधारण सरींच्या संख्येच्या घनाने वाढतो, म्हणजे १३ वरून १४ ला गेल्यावरच २५ टक्के फरक. जीएमपीसीपीपीच्या तंतूंत १४ सरींचे जास्त. ताठपणा औषधाने वाढला की सरीने, हे वेगळं केल्याशिवाय वाद मिटणार नाही.

औषधांचा विषय निघालाच आहे तर: सदाफुलीतलं विनब्लास्टिन आणि कळलावीच्या कंदातलं कोल्चिसिन ही दोन्ही ट्युब्युलिनवरच काम करतात, पण ती तंतू बनूच देत नाहीत. ताठपणा मोजणाऱ्याला त्यांचा उपयोग फक्त तंतू काढून टाकल्यावर पेशी किती मऊ होते हे पाहण्यापुरता.

मायक्रोट्युब्युलच्या ताठपणाला एकच आकडा देण्यात आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात मोठी. पाम्पालोनी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक टोक घट्ट धरलेले तंतू मोजले तेव्हा पर्सिस्टन्स लांबी तंतूच्या लांबीबरोबर बदलताना दिसली: अडीच-तीन मायक्रॉनच्या तुकड्याला ११० मायक्रॉन, ४७ मायक्रॉनच्या तंतूला ५०००. त्यांचं स्पष्टीकरण असं की शेजारच्या सरींमधला जोड कच्चा आहे. आखूड तुकडा वाकताना सरी एकमेकींवरून घसरतात, लांब तंतूत घसरायला वाव मिळत नाही. सगळ्यांना हे मान्य नाही. धरण्याची जागा पक्की नसली तरी आखूड तंतू मऊच भासतो. तरीही पेशीतल्या दोन-तीन मायक्रॉनच्या मायक्रोट्युब्युलला ५ मिलिमीटरचा आकडा लावताना हात आखडता घ्यावा, एवढं त्यातून नक्की निघतं.

ताठपणा माहीत झाला की तंतू किती दाब सोसेल हे ऑयलरच्या सूत्राने निघतं: पाय (π) चा वर्ग गुणिले वाकताठपणा भागिले लांबीचा वर्ग. १० मायक्रॉनच्या मायक्रोट्युब्युलला २१ गुणिले ९.८७ भागिले १००, म्हणजे २ पिकोन्यूटन. एक कायनेसिन (मायक्रोट्युब्युलवरून चालणारं मोटर-प्रथिन) सहाच्या आसपास पिकोन्यूटन ओढतं. म्हणजे लांब मायक्रोट्युब्युल एका मोटर-प्रथिनापुढे नमतो. वाढताना तो स्वतःही भिंतीला तीन-चार पिकोन्यूटनने ढकलू शकतो आणि ढकलता ढकलता वाकतो. डोग्टेरोम आणि युर्के यांनी १९९७ मध्ये नेमकं हेच वाकणं पाहून बल काढलं. एक मायक्रॉनच्या ॲक्टिनला ०.७ पिकोन्यूटन पुरतात, २०० नॅनोमीटरच्या तुकड्याला १७ लागतात. पेशीच्या पुढच्या कडेला ॲक्टिनची दाट, आखूड फांद्यांची जाळी का असते याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पण जिवंत पेशीत पाहिलं तर मायक्रोट्युब्युल एकाच मोठ्या कमानीत वाकलेला क्वचितच दिसतो. साधारण तीन मायक्रॉनच्या लाटा दिसतात. भोवतालची लवचीक जाळी त्याला बाजूने आधार देते, त्यामुळे मोठी कमान महाग पडते आणि छोट्या लाटा स्वस्त. २००६ मध्ये ब्रॅंगविन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की असा आधार मिळालेला तंतू शंभर पिकोन्यूटनच्या घरातला दाब सोसतो. उघड्या पाण्यात दोन, पेशीत शंभर. हृदयाच्या स्नायूपेशीतही असंच: तिथे ठोक्यागणिक वाकणाऱ्या मायक्रोट्युब्युलांना डेस्मिन धरून ठेवतं, आणि ही पकड सैल केली की पेशी मऊ पडते.

जुडग्यांचं गणित वेगळं. एकमेकांवरून घसरू शकणारे वीस ॲक्टिन तंतू वीसपट ताठ; पक्के सांधलेले वीस तंतू चारशेपट. ०.०७ गुणिले ४००, म्हणजे २८: एका मायक्रोट्युब्युलपेक्षा थोडं जास्तच. फिलोपोडियममध्ये, म्हणजे पेशीच्या कडेतून बाहेर येणाऱ्या बोटासारख्या भागात, फॅसिन नावाचं प्रथिन हे सांधणं करतं. त्याचं बूड घट्ट आणि शेंडा मोकळा धरला तर ऑयलरचं बल चौथाई होतं: एक मायक्रॉन लांबीला ७० पिकोन्यूटन, तीन मायक्रॉनला ८. पेशीपटल दहाएक पिकोन्यूटनने मागे ढकलतं. त्यामुळे वीस तंतूंचा फिलोपोडियम तीन मायक्रॉनपुढे गेला की वाकायला लागणार, पटलाने त्याला सभोवार आवळून आधार दिला नाही तर. प्रत्यक्षातलं सांधणं अधूनमधून सुटतं-जुळतं, म्हणून सावकाश ढकललं तर जुडगी मऊ, झटक्याने ढकललं तर ताठ.

मध्यम तंतूंबद्दल बोलताना पर्सिस्टन्स लांबी पुढे करणं मला फारसं पटत नाही. त्यांचं काम वाकण्याला विरोध करणं नव्हेच. ॲक्टिन काही टक्क्यांपलीकडे ताणलं तर तुटतं. व्हिमेंटिन, डेस्मिन दुपटीहून जास्त लांबतात. काचेवर चिकटवून सूक्ष्म सुईने ओढलेले तंतू सरासरी २.६ पट आणि कमाल ३.६ पट लांबलेले नोंदले गेले आहेत. प्रकाशचिमट्यांत (लेसरच्या झोताने धरलेल्या) दोन मण्यांमध्ये ओढलं तर तीन टप्पे दिसतात: सुरुवातीचे दहा-पंधरा टक्के सरळ स्प्रिंगसारखे, मग बल फारसं न वाढता लांबी वाढत जाणारा सपाट भाग, आणि शेवटी पुन्हा ताठ होणं. सपाट भागात प्रथिनातल्या अल्फा-सर्पिलांची घडी उलगडते. वेगाने ओढलं तर हा टप्पा जास्त बलाला सुरू होतो. सोडून दिल्यावर तंतू लांबीला पूर्ववत होतो, पण दुसऱ्यांदा ओढताना मऊ लागतो. घातलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. म्हणून एकाच तंतूवर दोनदा ओढून सरासरी काढू नये. पहिली ओढ ही एक मोजणी, दुसरी ही वेगळी.

घरच्या घरी पाहायचं असेल तर लांब केस पाण्यात भिजवून दोन्ही हातांनी हळू ओढा. केसही केराटिनच्याच तंतूंचा आहे. कोरडा पटकन तुटतो. ओला तीसेक टक्के लांबतो आणि पाण्यात सोडला की परत येतो.

व्हिमेंटिन बनवण्याची पद्धतही वेगळी: ८ मोलर युरियात उलगडलेलं प्रथिन युरिया ६, ४, २, ० असा उतरवत २ मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये आणायचं, मग १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड देऊन ३७ अंशाला रात्रभर ठेवायचं. एटीपी नको, जीटीपी नको. युरिया ताजा हवा. जुन्या किंवा तापवलेल्या युरियात सायनेट तयार होतं, ते प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला चिकटतं आणि तंतू आखूड, गुठळ्यांचे होतात. आणखी एक खड्डा मॅग्नेशियमचा. ॲक्टिनच्या सवयीने कुणी काही मिलिमोलर मॅग्नेशियम घातलं की व्हिमेंटिनच्या जुडग्या होतात आणि ताठपणाचा आकडा फुगतो.

हे तंतू शरीरात कशासाठी आहेत हे ते बिघडल्यावर कळतं. केराटिन ५ किंवा १४ यांच्या जनुकात दोष असला तर एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स होतो: साध्या घर्षणाने त्वचेच्या तळच्या थरातल्या पेशी फाटतात आणि फोड येतात. केराटिन १४ मधलं १२५ क्रमांकाचं अर्जिनिन बदलणं हे तीव्र प्रकारातलं नेहमीचं कारण. एका अमिनो आम्लाने तंतूचं जाळं ताण सोसेनासं होतं. ॲक्टिन आणि मायक्रोट्युब्युल शाबूत असूनही पेशी फाटते.

जाळ्यांबद्दल थोडक्यात. शुद्ध ॲक्टिनच्या द्रवाचा ताठपणा वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी शेकडोपट फरकाने नोंदवला होता. बराचसा दोष मालाचा: गाळणस्तंभातून न काढलेल्या ॲक्टिनमध्ये सांधणारी प्रथिनं नकळत राहतात. उरलेला मोजणाऱ्याचा: आधीच बनलेलं ॲक्टिन रिओमीटरमध्ये (द्रवाचा ताठपणा दोन प्लेटांमध्ये मोजणाऱ्या यंत्रात) ओतलं की तंतू तुटतात, म्हणून मीठ मिसळून लगेच ओतायचं आणि प्लेटांमध्येच बनू द्यायचं. कडेला हवेशी लागणाऱ्या पृष्ठभागावर प्रथिनाची साय धरते आणि तिचाच ताठपणा मोजला जातो. कडेला थोडा सौम्य साबणद्राव लावला की ती जाते. सांधलेली जाळी ताणली की ताठ होते, पण ठरावीक ताणापुढे ॲक्टिनची फाटते आणि व्हिमेंटिनची टिकते.

शेवटची गोष्ट थकव्याची. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या गटाने मायक्रोट्युब्युल प्रवाहाने दहा सेकंद वाकवले, दहा सेकंद सोडले, पुन्हा वाकवले. दर फेरीला ते मऊ होत गेले. विश्रांती दिली आणि भोवती सुटं ट्युब्युलिन असलं तर तंतूच्या मधल्या खराब जागी नवे रेणू बसून ताठपणा परत आला. पुढे असंही दिसलं की अल्फा-ट्युब्युलिनच्या ४० व्या लायसिनवर ॲसिटिल गट असला तर हा थकवा कमी येतो. मोजणाऱ्यासाठी याचा अर्थ असा: चेंबरमध्ये सुटं ट्युब्युलिन किती होतं ते नोंदवा, आणि लांबलचक चित्रणाचा पहिला आणि दुसरा अर्धा भाग वेगवेगळा तपासा. दुसऱ्या भागात तंतू मऊ निघाला तर दोष तुमच्या लेसरचा असू शकतो. त्याच लांबीचा, पण मंद उजेडात ठेवलेला दुसरा तंतू शेजारी मोजला की ते कळतं.